अक्काने मोहाखाली काडी ओढली

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको, की ही बाई फुगवून सांगते. मी पालीला भिते, विजेला भिते, कुत्र्याला भिते. एसटी उताराला लागली की पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसते आणि कंडक्टर हसतो. उमरखेडला आमच्या गल्लीतून वरात निघाली की फटाके संपेपर्यंत मी मागच्या खोलीत असते. नवरा होता तेव्हा म्हणायचा, तुला तर स्वतःच्या सावलीचीही ओळख करून द्यावी लागते. म्हणू दे. भीती वाटते तर वाटते, तिला काय मी घरातून हाकलून देऊ?

माझी मोठी बहीण याच्या बरोबर उलटी. तिला मी अक्का म्हणते. ती फुलसावंगीला राहते. विंचू दिसला की चपलेनं ठेचते आणि तीच चप्पल पायात घालून चहा मांडायला जाते. लहानपणी विहिरीवर मी तिच्या परकराला धरून उभी राहायची. माझ्या पहिल्या बाळंतपणात आईऐवजी तिलाच बोलवा म्हणून मी दवाखान्यात गोंधळ घातला होता. साठी ओलांडली तरी ती मला ‘बारके’ म्हणते आणि मी पन्नाशीच्या पुढे गेले तरी ओ देते.

मागच्या वर्षीची गोष्ट. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. गावोगाव भीमजयंतीच्या तयारीच्या बैठका सुरू झाल्या होत्या. अक्काचा मुलगा नागपूरला नोकरीला आहे. त्यानं पैनगंगेच्या जंगलातलं एक रेस्ट हाऊस स्वतःसाठी आणि बायकोसाठी बुक केलं होतं. ऐन वेळी त्याची सुट्टी रद्द झाली, तर म्हणाला, तुम्ही दोघी बहिणी जाऊन या, मस्त फिरा, हवा खा. मी म्हटलं, जंगलात हवा खायला मला काय वेड लागलंय? उमरखेडला हवा नाही का? पण माझ्या डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं आणि अक्कानं ते ऐकून ठेवलं होतं. तिनं फोनवर एवढंच विचारलं, “येतं का नाई? नाई तं मी एकटी जाईन.” ती एकटी जाते म्हटल्यावर मला काळजी, आणि मी गेले तरी मलाच काळजी. शेवटी गेले.

रेस्ट हाऊस खोलगट जागेत होतं. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे नदीकडे जाणारा नाला, आणि चारी बाजूंनी साग. त्या दिवसांत सागाला पान नसतं. सगळी पानं खाली, गुडघाभर पाचोळा. माणूस चालला की पापडाच्या ढिगातून चालल्यासारखा आवाज येतो. शांत इतकं, की अक्कानं बॅगेची चेन उघडली तरी मी दचकले.

तिथला चौकीदार म्हातारा, बोलायला बरा. अक्कानं जयभीम घातला, त्यानंही हात जोडले, आणि दोघांच्या ओळखीपाळखी निघायला वेळ लागला नाही. सकाळी डोंगरावर फिरायला जायचं म्हटल्यावर तो म्हणाला, “वर पठारावर जाची पायवाट हाये. तिथून नदीचं वळण मस्त दिसते. पण उजेड पडल्याशिवाय जाऊ नका. मोह पडून राह्यला, अस्वल येते खायाले. आन काडी-बिडी काई पेटवू नका, पाचोळा लई हाये.”

बस. अस्वल म्हटल्यावर पुढचं सगळं मी अर्ध्याच कानानं ऐकलं. रात्रभर मी खिडकीची कडी तपासत होते. अक्का घोरत होती.

सकाळी चांगलं उजाडल्यावर निघालो. मी लेकीनं घेऊन दिलेले बूट घातले होते आणि नवी साडी नेसले होते. निळी, चापूनचोपून बसणारी, नायलॉनची, पदराला खड्यांची लेस. अक्कानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “जंगलात चालली का कोणाच्या साखरपुड्याले?” तिचं आपलं जुनं सुती पातळ आणि रबरी चप्पल. मी म्हटलं, “फोटो काढले तर बरे दिसायला नकोत का?” खरं सांगायचं तर मी मुलीला फोटो पाठवणार होते, बघ तुझी आई ट्रेकिंगला गेली म्हणून.

वाट चढायला लागली. मी दर झुडपामागे अस्वल बघत होते. काळा दगड दिसला की थांबायचे. अक्का मुद्दाम मागून ‘हुर्र’ करायची. मी चिडले, तिला नाही नाही ते बोलले, आणि ती पोट धरून हसत राहिली. माझी सगळी भीती मी अस्वलावर खर्च करून टाकली. दुसऱ्या कशासाठी शिल्लकच ठेवली नाही.

थोडं वर गेल्यावर मोहाचं झाड लागलं. मोठं, जुनं, आणि खाली त्याची फुलं पडलेली. पण सगळी पाचोळ्यात. एक दिसायचं, दहा झाकलेली. वास असा गोड आणि जड, की घशात चिकटावा. अक्का थांबली. खाली वाकली, एक फूल उचलून तोंडात टाकलं, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

“बारके, माय न्यायची आपल्याले, आठवते?”

मला कसं आठवणार नाही? आमच्या गावच्या शिवेवर मोहाची झाडं होती. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. मोह पडायला लागला की आई आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा गोळा करून जाळायची. जमीन काळी, साफ व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावर पडलेली पिवळी फुलं टपोरी दिसायची. आम्ही दोघी टोपली घेऊन वेचायचो. आई भाजून त्याचे लाडू करायची. आमच्याकडे सगळेच असं करायचे. मोह वेचणारा माणूस आधी खालचं जाळतो, त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

“आपण उद्या सकाळी पण इथंच हावो न?” अक्का म्हणाली. “आज साफ करू. उद्या पिशवीभर नेऊ. नातवाईले लाडू करीन.”

“चौकीदारानं काय सांगतलं? काडी ओढू नका म्हणून.”

“तो सरकारी माणूस हाये, तो तसंच सांगन. आपल्या मायनं जन्मभर जाळलं, गाव जळलं का?”

सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला चूल पेटवली होती, ती काडेपेटी तिच्या कमरेच्या बटव्यातच होती. मी “अक्का, नको” म्हणते तोवर तिनं पायानं पाचोळ्याचं कडं करून काडी ओढलीसुद्धा.

सांगते, तेव्हा मला भीती वाटली नाही. सकाळची वेळ, वारा नाही, पाचोळ्यात दवाचा ओलावा. आग लहानशी, आज्ञाधारक. झाडाभोवती फिरली, धुमसली, आणि अक्कानं पळसाचा हिरवा फाटा तोडून ती झोडपून विझवली. अगदी आई करायची तशीच. मी म्हटलं, “पाणी टाक थोडं.” तर म्हणाली, “पेयाचं पाणी कायले सांडतं? वर तहान लागन.” आणि खाली काळं, गोल, साफ अंगण तयार. दोघी कौतुकानं बघत उभ्या राहिलो.

एक गोष्ट दोघींच्याही ध्यानात आली नाही. आईचं झाड शिवेवर होतं. त्याच्या तिन्ही बाजूंना नांगरलेली काळी शेतं होती आणि चौथ्या बाजूला बैलगाडीची वाट. आग जाऊन जाऊन जाणार कुठे? इथं मात्र त्या गोलाच्या काठाला लागूनच एक कुजलेला ओंडका पडला होता आणि त्याच्या पलीकडे नुसतं जंगल.

आम्ही चढत राहिलो. मला दम लागत होता, अक्का पुढं. ऊन अंगावर आलं आणि खालच्या दरीतून वारा सुटला. बरा वाटला. वाटेत दगडगोट्यांची एक मोकळी जागा होती, तिथं बसलो. बाटलीतलं पाणी अर्धं प्यायलो. समोर नदीचं वळण नुकतं दिसायला लागलं होतं, मी फोन काढला, पदर नीट केला.

मला धुराचा वास आला तेव्हा मला वाटलं, रेस्ट हाऊसवर स्वयंपाक चालू असेल. मग खालच्या अंगानं वानरं आली. ओरडत नव्हती, खेळत नव्हती. आमच्याकडे ढुंकून न बघता आमच्या बाजूनं वर निघून गेली, पिल्लं पोटाला. आणि मग तो आवाज. कढईत एकदम पुष्कळ पुऱ्या सोडल्यावर येतो ना, तसा. पण थांबेना. वाढतच चालला.

अक्का उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आग मी अजून पाहिलीही नव्हती. पण अक्काचं तोंड पांढरं पडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

“आपलीच हाये ते,” ती म्हणाली.

झाडांच्या खोडांमधून ती दिसली. एका रांगेत, डावीकडून उजवीकडे, सगळा उतार व्यापून वर येत होती. जिथं सागाचा पाचोळा जाड होता तिथं माणसाएवढी, जिथं दगड होते तिथं गुडघ्याएवढी. धूर आधी आला. डोळे चुरचुरायला लागले, खोकल्यानं छाती फुटेलसं वाटलं. आमची खाली जायची वाट तिच्या पलीकडे राहिली होती.

“वर पळू, अक्का, वर!”

“वर नाई.” तिनं माझं मनगट धरलं. “आग चढावर माणसाहून जोरात पळते. वर बांबूचं बन हाये, वाळलेलं. तिथं गेलो तं खतम.”

“मंग कुठं?”

“तिच्यातून.”

मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तिच्याकडे बघतच राहिले. ती भरभर बोलत होती, खोकत खोकत. आगीच्या मागची जमीन जळून गेलेली असते, जळालेल्या जागी आग परत लागत नाही, एकदा का त्या काळ्यावर पाय पडला की वाचलो. आपण बसलोय ते गोटे आहेत, इथं पाचोळा पातळ आहे, इथं ती लहानच राहील. दोन ढांगा. बस, दोन ढांगांचं काम.

“साडी सोड.”

“काय?”

“साडी सोड म्हणलं! नायलॉन हाये. ठिणगी पडली तं कातड्याले चिकटन. परकर सुती हाये न? परकरावर चाल.”

आता तुम्ही हसाल. समोरून वणवा येतोय आणि मी म्हणते, मी साडी सोडणार नाही. कोणी पाहिलं तर काय म्हणेल? पन्नाशीची बाई परकर-पोलक्यावर जंगलात? मी पदर दोन्ही हातांनी छातीशी धरला. मला तेव्हा खरोखर वाटलं, की लाज वाटतेय. आज विचार करते तर लाज-बीज काही नव्हती. जोवर साडीवरून भांडण चाललं होतं तोवर आगीत जावं लागत नव्हतं, एवढंच. भीती मोठी हुशार असते, काहीही सबब काढते.

अक्कानं बाटलीतलं उरलेलं पाणी अर्धं माझ्या डोक्यावर ओतलं, अर्ध्यानं आपला पदर भिजवून तोंडाला गुंडाळला. “मी पुढं जाईन. पाह्य मी कशी जातो. माह्या मांगं लगेच ये. थांबू नको, वाकू नको, श्वास घेऊ नको.” आणि पातळ गुडघ्याच्या वर खोचून ती गेली. धूर उघडला आणि मिटला. ती दिसेनाशी झाली.

मी उभी. पलीकडून तिची हाक आली, “ये वं! बारके, ये!” मी एक पाऊल टाकलं. तोंडाला झळ लागली, भुवया करपल्याचा वास आला. आणि मी वळले आणि नको म्हटलेल्या बाजूलाच, वर पळाले.

फार लांब नाही गेले. श्वासच नव्हता. वर कुठंतरी ठिणग्या पोचल्या असाव्यात, बांबू फुटायला लागला. बंदुकीसारखा आवाज. मी एका सागाला मिठी मारून खाली बसले आणि डोळे मिटले. मनात काहीही येत होतं. लेकीला फोन करावा, पण फोन कुठं पडला? घरी मागच्या दाराला कुलूप लावलं का? असं मरण म्हणजे किती वेळ लागत असेल? धुरानं आधी माणूस बेशुद्ध पडतो म्हणतात, खरं असेल का? मी लहान पोरीसारखी “अक्का, अक्का” करत रडत होते.

कोणीतरी माझी वेणी धरून ओढली. अक्का! ती परत आली होती. आगीतून, उलट्या बाजूनं. तोंड काळं, डोळे लालभडक, एका पायात चप्पल नाही आणि दुसऱ्या पायातली वितळून पायाला चिकटलेली. तिनं मला शिवी दिली. अशी शिवी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, इथं लिहीत नाही. मला हाताला धरून फरफटत त्या गोट्यांपर्यंत आणलं.

आग आता तिथं पोचली होती. समोरच. पट्टा रुंद झाला होता. दोन ढांगांचं काम राहिलं नव्हतं. मी पुन्हा मागे झाले. “नाई अक्का, नाई होत माह्यानं.” तिनं ओढलं, मी दुसऱ्या हातानं एका झुडपाला धरलं. तिनं परत ओढलं, मी खाली बसले. फतकल मारून बसले! “मी नाई येत. तू काई बी कर.”

“मर मंग इथंच!” ती किंचाळली आणि माझा हात सोडला.

धुरात मला तिची पाठ दिसली. मग माझ्या खांद्याला जोराचा हिसका बसला, पिन तुटून पोलकं फाटलं, आणि अक्का परत माझ्याकडे तोंड करून उभी होती. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी साडी धरून असं काही ओढलं की मी गरगर फिरले, निऱ्या सुटल्या, आणि ती निळी साडी बाजूला फेकून तिनं मला पाठीत हात घालून पुढं लोटलं. पुढचं मला नीट सांगता येत नाही. तापलेल्या तव्यावर तोंड धरावं तसं झालं. पाय आपोआप पडले. एक, दोन, तीन, आणि मी हातांवर पालथी पडले, राखेत. हात भाजले. पण खाली काळं होतं. अक्का माझ्यावरून येऊन पडली. तिनं उठून माझ्या परकराची पेटलेली किनार हातानंच चोळून विझवली.

मागे वळून पाहिलं तर साडी क्षणात गोळा होऊन गेली. भुर्र करून पेटली आणि थेंब थेंब गळाली.

आम्ही एका मोठ्या दगडावर बसलो. खालची जमीन अजून गरम होती, ठिकठिकाणी खुंट धुमसत होते. आग आम्हाला ओलांडून वर गेली आणि तिचा आवाज दूर दूर गेला. तेव्हा मला थंडी भरली. त्या उन्हात, त्या धगीत, माझे दात वाजत होते. अक्काच्या तळव्यांकडे मला बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळानं खालून माणसं आली, आग विझवणारी, हातात फाटे आणि पाठीवर पाचोळा उडवायचं हवेचं मशीन. चौकीदारही होता. त्यानं आपला दुपट्टा काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मला वाटलं होतं तितकी लाज वाटली नाही. मी त्याचा दुपट्टा धरून ढसाढसा रडले. वनखात्याच्या माणसानं विचारलं, “कोणं लावली?” आता हिला धरून नेतात, असं वाटलं. अक्का म्हणाली, “मी लावली. मोहाखाली. विझवली होती, पण नाई विझली.” त्या माणसानं तिच्या पायांकडे पाहिलं. “माय, वर लोकं फुलं वेचून राह्यले होते,” एवढंच म्हणाला. ती वेचणारी माणसं पठारावरून पलीकडं उतरून वाचली, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. तोवर दवाखान्यात अक्का दर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच विचारत होती. तिच्यावर पुढं काय कारवाई व्हायची ती झाली, ती तिनं मान खाली घालून सोसली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिचीही नाही.

माझे हात लवकर बरे झाले. तिचे पाय मात्र नाहीत. मी उमरखेडचं घर बंद करून फुलसावंगीला तिच्याकडे राहायला गेले. रोज सकाळी तिचे पाय मांडीवर घ्यायचे, पट्टी भिजवून सोडवायची, मलम लावायचं. ती ओरडायची नाही. मी आपली बडबड करायची. येणाऱ्या बायकांना मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, आमची अक्का कशी आगीतून माझ्यासाठी परत आली, कसं मला ओढून नेलं. बायका तोंडाला पदर लावायच्या. अक्का दर वेळी तोंड भिंतीकडे करायची. मला वाटायचं, कौतुक तिला आवडत नाही.

एक दिवस असंच बायका उठून गेल्यावर मी मलमाचं झाकण उघडत होते, तर ती म्हणाली, “ते सांगत जाऊ नको वं सारखी.”

“काहून? खोटं सांगतो का मी?”

“अर्धं सांगतं.” ती वर पंख्याकडे बघत होती. “तिथं दुसऱ्या खेपेले मी तुहा हात सोडला होता.”

“माहीत हाये. साडी सोडाले सोडला.”

“नाई.” ती म्हणाली, “मी जाऊन राह्यली होती. तुले सोडून. मनात म्हणलं, दोघी मरण्यापरीस एक तरी वाचू. पाठ केली तुह्याकडं आन चालली. तं माहा हात मांगं ओढला गेला. तुह्या पदराची लेस माह्या बांगडीत गुतली होती. ते सोडवाले मी वळली, बारके. तुह्यासाठी नाई वळली. लेस सोडवाले वळली.”

“मंग?” मी विचारलं.

“मंग तुहं तोंड दिसलं. मंग नाई जाता आलं.”

तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. मला राग आला नाही, अगदी शपथेवर सांगते. कोणाला आपला जीव नको असतो? पण तिथं, पंख्याखाली, तिचा पाय मांडीवर असताना, मला आगीतही वाटली नव्हती अशी भीती वाटली. कारण आगीसमोर मी फतकल मारून बसले, हट्ट केला, साडी धरून ठेवली, ते सगळं कशाच्या जोरावर? बाकी कशाचाच भरवसा नव्हता तेव्हा मला. पण अक्का मला टाकून जाणार नाही, ही एक गोष्ट मला पक्की माहीत होती. इतकी पक्की, की त्या भरवशावर मी आम्हा दोघींचे जीव टांगून निवांत बसले होते. आणि ते खरं नव्हतं.

बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती. पट्टी वाळायला लागली होती.

“दुसरा पाय इकडं कर,” मी म्हणाले. तिनं केला.